सतरा नंबरचा ठिपका

आक्का, आकडा अजून माझ्यापाशीच आहे. कुणालाही सांगितलेला नाही. घरात शोभालाही नाही, पुण्याच्या मॅडमनाही नाही. रोज सकाळी आंघोळीच्या आधी एकदा मनात म्हणून बघतो, विसरलो तर नाही ना म्हणून. विसरण्यासारखा तो नाही, पण तुम्ही गेल्यापासून मला माझ्याच डोक्याचा भरवसा वाटेनासा झालाय. परवा गॅस बंद केलाय का ते बघायला कोपऱ्यावरून दोनदा परत आलो. दोन्ही वेळा बंदच होता.

दवाखान्यात मी तुम्हाला विचारलं होतं, "आक्का, माझं मोजून झालंय. सांगू काय?"

तुम्ही सुई टोचलेला हात वर केलात. "सांगू नको. मी मोजेपर्यंत सांगू नको. एकदा कानावर पडला की माझा हात तुझ्या आकड्याकडंच जाईल."

"पण डॉक्टर म्हणतात अजून आठवडा तरी..."

"मग आठवड्यानं मोजते. तो ठिपका कुठं पळून जातोय काय?"

शेजारच्या कॉटवरच्या बाईनं मान वळवली. "कशाचं मोजायचंय ओ? शेताचं काय?"

"ठिपक्याचं, बाई," तुम्ही म्हणालात. "सोयरा हाय का शेजारी, एवढंच बघायचंय."

"मोजून कळतंय व्हय ते? आमच्यात घर बांधाय काढलं की कळतं कोण सोयरा नि कोण शेजारी."

तुम्ही हसलात, हसता हसता खोकला लागला, आणि पेशंटला हसवलं म्हणून नर्सनं मला बाहेर काढलं. तेच आपलं शेवटचं बोलणं. त्यानंतर फोन आला तो तुमच्या भाचीचा.

तेव्हापासून एकच गोष्ट घोळतेय. तुम्ही मोजेपर्यंत सांगायचं नाही, हा शब्द मी दिला. तुम्ही आता मोजणार नाही. मग हा आकडा मी कुणाला आणि कसा सांगायचा?

आपली पहिली भेटसुद्धा मोजणीतलीच. तुमच्या निपाणीच्या घरामागच्या जागेची हद्द दाखवायला मी बेळगावहून आलो होतो. शेजाऱ्यानं भिंत तुमच्या जागेत घातलीय असा तुमचा अर्ज होता. आमच्या धंद्यात एक जुनी रीत आहे. आता मशीन आलं, तरी भांडणाच्या जागेवर टेप लावावीच लागते. टेपचं एक टोक एका पक्षानं धरायचं, दुसरं दुसऱ्यानं. आकडा दोघांनी मोठ्यानं म्हणायचा. मग टोकं बदलायची आणि परत मोजायचं. दोघांचं एकच येईपर्यंत मोजणीदारानं लिहायचं नाही. बहुतेक लोक टोक धरायला गडी पाठवतात. तुम्ही पदर खोचून स्वतः उभ्या राहिलात.

आकडा जुळला. भिंत बरोबर जागेवर होती, शेजारी खरा होता. असं झालं की लोक मोजणीदारावर घसरतात, त्याला पैसे खाल्लेला ठरवतात. मी त्याच तयारीत होतो. तुम्ही वेगळंच विचारलं.

"चूक किती धरतोस?"

"कसली चूक?"

"तुझ्या टेपची. उन्हात ताणली तर किती, सैल धरली तर किती. आकडा सांगितलास, किती इकडंतिकडं ते न्हाय सांगितलंस."

एवढी वर्षं जमिनी मोजतोय, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, बोटभर. तुम्ही म्हणालात, "मग भिंत बोटभर इकडंतिकडं बरोबर हाय असं म्हण." आणि शेजाऱ्यालाही हाक मारून आम्हा दोघांना चहा दिलात. कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेली ही बाई आहे हे मला चहा पिताना कळलं.

तिथंच टेबलावर कॉम्प्युटरच्या पडद्यावर ते चित्र होतं. मधोमध काळी चकती, तिच्याभोवती चार ठिपके.

"हे काय, आक्का?" गल्लीत सगळे तुम्हाला आक्का म्हणत होते, मीही म्हटलं.

"ग्रह. दुसऱ्या ताऱ्याचे. बाकीच्या ताऱ्यांचे ग्रह बहुतेक ऐकीव असतात रं. तारा जरा मंद झाला, जरा हलला, म्हणून हिशेब करून सांगतात की ग्रह असणार. हे चार मात्र फोटोत बघितलेले. मधला तारा लई झगझगीत, म्हणून त्याच्यावर चकती ठेवून झाकलाय."

मग तुम्ही घराचा दाखला दिलात. चार पोरं आहेत हे साऱ्या गावाला ठाऊक, पण लांब कुठं वेगळं बिऱ्हाड केलेला भाऊ असला तर? ग्रहांच्या कितीतरी पट लांब, सूर्य आणि पृथ्वीमधल्या अंतराच्या हजारो पट लांब, एखादा मंद, जड सोबती असला तर त्या चार पोरांचा सगळा इतिहास बदलतो. म्हणून त्याला शोधायचं. पुण्याच्या एका संशोधक मॅडम हौशी लोकांना हे काम वाटून देत होत्या. ताऱ्याच्या चकाकीच्या कडेला मशीनचा हिशेब गडबडतो, तिथं माणसाचे डोळे लागतात. तुम्ही एकट्याच करत होतात. तुम्हाला टेपचं दुसरं टोक धरणारा पाहिजे होता.

"पण लांबचा ठिपका त्याचाच सोबती कशावरून?" मी विचारलं होतं. "मागं पुढं कुठलाही तारा असेल."

"लग्नातला फोटो बघ. मांडवात नवऱ्यामुलाशेजारी कोणीबी उभं असतं, आचारीसुद्धा. पण वरातीबरोबर चालत जातो तो सोयरा. वीस वर्षांच्या अंतरानं काढलेली दोन चित्रं घ्यायची. तारा पुढं सरकलेला असतो. त्याच्याबरोबर तेवढाच, त्याच दिशेला सरकला तो सोयरा. मांडवातच राहिला तो शेजारी."

वीस वर्षांत तो तारा किती सरकतो हे मी त्याच दिवशी विचारून घेतलं. दोन पूर्णांक चार विकला. अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला. घरी येऊन मी हिशेब केला: रुपयाचं नाणं दोन किलोमीटरवर धरलं तर जेवढं दिसेल तेवढं. जमिनीच्या धंद्यात एवढ्या अंतरासाठी कुणी कोर्टात गेलेलं मी बघितलेलं नाही, आणि जात नाहीत असंही सांगत नाही.

पहिलं चित्र मोजून मी तुम्हाला फोन केला, "आक्का, तुमच्या पुस्तकात चूक हाय. तारा पूर्वेला जातोय म्हणता, मला पश्चिमेला चाललेला दिसतोय." तुम्ही इतक्या हसलात की फोन बाजूला ठेवलात. "परशा, जमिनीचा नकाशा वरनं बघतात, आभाळाचा खालनं. आभाळाच्या नकाशात पूर्व डावीकडं असती." आयुष्यभर उजवीकडं पूर्व धरलेल्या माणसाला हे अंगवळणी पडायला पूर्ण पावसाळा गेला. अजूनही चित्र उघडलं की आधी डाव्या कडेला बोट टेकवतो आणि 'पूर्व' म्हणतो. शोभा म्हणते, आलं तुमचं मंत्र म्हणणं.

रीत मात्र माझी चालली. तारा इतका झगझगीत की त्याचा मध्य नेमका सापडत नाही, म्हणून आजूबाजूचे फिके तारे हद्दीचे दगड धरायचे आणि ठिपका त्यांच्यापासून किती सरकला ते काढायचं. तुम्ही निपाणीत, मी बेळगावात. एकमेकांना काही विचारायचं नाही. दोघांचं झालं की फोन करायचा, एक, दोन, तीन म्हणायचं आणि आकडा एकाच दमात बोलायचा. पहिल्याच शब्दात सगळं असायचं. 'दोन पूर्णांक' आलं तर सोयरा, 'शून्य पूर्णांक' आलं तर शेजारी. ठिपके एकूण बावीस होते. सर्व्हे नंबर द्यावेत तसे मी त्यांना नंबर दिले. एकवीस वेळा आपण दोघं 'शून्य' म्हणालो. त्यातल्या एकाला आधी तुम्ही 'दोन' म्हणालात आणि मी 'शून्य'. तुम्ही चुकून दुसराच ठिपका मोजला होता; परत मोजल्यावर तिथंही शून्यच आलं.

राहिला सतरा नंबर.

सतरा ताऱ्यापासून दीड कलेच्या थोडा पुढं होता. म्हणजे, खरंच सोबती असला तर, सूर्य-पृथ्वी अंतराच्या चारेक हजार पट लांब. जुन्या चित्रात तो ठीक दिसायचा, पण नंतरच्या चित्रात ताऱ्याच्या चकाकीचा एक फाटा नेमका त्याच्यावर पडायचा. मोजताच येत नव्हता. त्याचा रंग तुम्हाला हवा तसा होता, लालभडक. त्यावरून आपलं वाजलं.

"रंग जुळतोय, तेज जुळतंय. हा सोयरा हाय, परशा."

"रंगावरून सोयरीक जमवायची तर आभाळात लाल ठिपके काय कमी आहेत? लांबच्या दीर्घिकासुद्धा लालच दिसतात, तुम्हीच सांगितलंय."

"तू कायम न्हाय म्हणतोस."

"बांध सरकलाय म्हणून माझ्याकडं शंभर लोक येतात, आक्का. खरा सरकलेला एखादाच असतो. तुमच्या भिंतीचं काय झालं?"

"भिंतीचं काढू नको."

"काढणार."

"मग लाव पैज. हरंल त्यानं दुसऱ्याला कणकुंबीला न्यायचं."

कणकुंबी ठरायचं कारण होतं. हा तारा साध्या डोळ्यांना अगदी जेमतेम दिसतो. निपाणीत हायवेचे दिवे, बेळगावात आणखी दिवे. इतकी वर्षं आपण ज्याची मोजणी करत होतो, तो दोघांनीही कधी डोळ्यांनी बघितला नव्हता. जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या रानात अंधार चांगला असतो. दरवर्षी ठरायचं. एका वर्षी तुमचा गुडघा, एका वर्षी माझ्या मुलीच्या परीक्षा, एका वर्षी ढग. पैजेमुळं आता जाणं होणारच असं मला वाटलं होतं.

मग मॅडमनी नवं चित्र पाठवलं. चकाकी बाजूला करून काढलेलं, सतरा नंबर स्वच्छ. दोघांनाही एकाच दिवशी पाठवलं. मी दुसऱ्या दिवशी सुट्टी काढून मोजलं. तुम्हाला त्याच दिवशी दम लागला म्हणून बेळगावला आणलं. मोजलं असतंत तर तुमचा फोन आला असता, म्हणून तुम्ही गेल्यावर तुमचा आकडा शोधायला मी तुमच्या घरी गेलो नाही. भाचीलाही विचारलं नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुमच्या गल्लीत मांडव होता. त्रिशरण, पंचशील झालं. मग तुमचे विद्यार्थी बोलले. वखारीत तंबाखूची पानं निवडणाऱ्या आईची मुलगी कॉलेजात शिकवायला लागली, हे प्रत्येकानं सांगितलं. ते तुम्ही स्वतः एका वाक्यात सांगायचा: "आई पानं निवडायची, मी ठिपके निवडते." एकजण म्हणाला, "आक्का आज आपल्यात नाहीत." आणि मला तिथं बसल्या बसल्या तुमचा आवाज आला. अंगात आल्यासारखा नव्हे, तसलं तुम्ही ऐकून घेतलं नसतं. आठवण म्हणून आला. एकोणीस नंबर बाद झाला तेव्हा मी मॅडमना लिहिलं होतं, 'एकोणीस नंबर शेजारी निघाला, त्या बाजूला सोयरा कोणी नाही.' तुम्ही ते माझ्याकडून बदलून घेतलंत. "नुसतं न्हाय म्हणू नको. कुठपर्यंत न्हाय ते लिही. किती लांबपर्यंत बघितलंस, किती मंद ठिपका तुला दिसला असता, ते लिही. त्याच्या पुढचं तुला ठाऊक न्हाय."

मला बोलायला उठवलं. मी नमस्कार करून खाली बसलो. तुमचा टोमणा आठवत होता, "कडोलीचा ना तू? तुमच्यात दरवर्षी साहित्य संमेलनाचा मांडव पडतोय, आणि तुला दोन वाक्यं धड जोडता येत न्हाईत." त्या दिवशी खरंच जोडता आली नाहीत. आज हे लिहितोय ते त्याचीच भरपाई समजा.

त्यानंतर मॅडमचा फोन आला. त्या रडल्या, मग कामाचं बोलल्या. महिन्याअखेर मोठ्या दुर्बिणीवर वेळ मागायचा अर्ज जातो. सतरा नंबर सोयरा असेल तर त्याच्यासाठी रात्र मागायची. "तुमचं मोजून झालंय का?"

"झालंय."

"मग सांगा की."

"दुसऱ्यानं मोजल्याशिवाय सांगत नाही आम्ही."

मॅडम म्हणाल्या, "आक्का तर..."

"हो," मी म्हटलं. "मला थोडी मुदत द्या."

त्या स्वतः मोजू शकल्या असत्या. पण हे चित्र साफ त्यांनीच केलेलं, आणि ज्यानं टेप आणली त्यानं टोक धरू नये हाही आमच्यातला नियम. त्यांनी तो मान्य केला. भीती माझीच मला होती. चुकून सोयरा म्हटलं तर मोठ्या दुर्बिणीची रात्र एका शेजाऱ्यावर वाया जाणार. चुकून शेजारी म्हटलं तर खरा सोबती पुन्हा कुणी बघेपर्यंत कितीतरी वर्षं तसाच राहणार. आणि मी परत मोजावं तर आता माझा हात भरवशाचा राहिला नव्हता. दवाखान्याच्या आधी मोजलं तेव्हा मला पैज जिंकायची होती. तुम्ही गेल्यावर मला हरावंसं वाटू लागलं. सतरा नंबर तुमचा निघावा, तुमच्या नावानं कुठंतरी छापून यावा. अशा हातानं माउस धरला तर ठिपका सरकणारच. जमिनीच्या मोजणीत असे हात मी पुष्कळ बघितलेत. ते खोटे नसतात, फक्त त्यांना आधीच काहीतरी पाहिजे असतं.

एकदा तुम्ही मला म्हणाला होतात, "तुझी काळजी म्हणजे चूक न लिहिलेला आकडा हाय, परशा. किती इकडंतिकडं ते लिही, झोप लागंल." मुलीच्या कॉलेजच्या प्रवेशापासून छताच्या गळतीपर्यंत मी तसं करून बघितलं, आणि बऱ्याच वेळा झोप लागली. ह्यावेळी लागली नाही.

एवढं लिहून बाजूला ठेवलं होतं. मग शोभानंच विचारलं. भाकरी थापत होती. "रोज सकाळी न्हाणीच्या दाराशी उभं राहून काय पुटपुटताय?"

मी सगळं सांगितलं, आकडा सोडून. तिनं तवा उतरवला. "मग मी मोजते."

"तुला काय येतंय त्यातलं?"

"आक्कांनी तुम्हाला शिकवलं, मग मला काय अवघड हाय?"

तुम्हाला माहीत आहे, आपल्या कामाला ती 'तुमची आक्का नि तुमचा तारा' म्हणायची. सुट्टीच्या दिवशी मी कॉम्प्युटरपुढं बसलो की मुद्दाम मिक्सर लावायची. मला धास्ती वेगळीच होती. एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्या चेहऱ्यावरून तिला माझ्या मनातलं कळतं, आणि मला बरं वाटावं म्हणून ती काहीही करील. तरी तिला शिकवलं. हद्दीचे दगड कुठले, माउसची फुली ठिपक्याच्या मध्यावर कशी ठेवायची, एकदा मोजून न थांबता पुन्हा पुन्हा मोजून सरासरी कशी काढायची. सरावाला बाद झालेले ठिपके दिले. पहिले दोन तिनं वाट्टेल तसे मोजले. तिसरा नीट आला. सतरा नंबर किती सरकला तर सोयरा, हे मी सांगितलं नाही. किती सरकला एवढंच सांग म्हटलं.

बसल्यावर ती म्हणाली, "तुम्ही भाईर जावा."

"का?"

"तुमचं तोंड बघितलं की मला आकडा कळतोय."

मी अंगणात आलो. संध्याकाळची वेळ, मार्गशीर्षातलं आभाळ. पूर्वा भाद्रपदाचे दोन तारे डोक्यावर होते. ह्या दोघांच्या मधोमध, जरा पूर्वेकडं सरकून बघ, असं तुम्ही सांगितलेलं. आमच्या गल्लीच्या दिव्यात तिथं काहीच दिसत नाही. मी तरी बघत राहिलो. आत माउसचा आवाज येत होता, थांबत होता, परत येत होता. फार वेळ थांबला की वाटायचं, दुसराच ठिपका धरला वाटतं. आत जाऊन बघावं असं वाटलं, आणि पायरीवरून परत फिरलो.

शेवटी तिनं हाक मारली. मी दारातच उभा राहिलो. तिला रीत सांगितली: तीन म्हटलं की दोघांनी एकदम.

"फोनवर करायचा व्हय असंच? लहान पोरांवाणी?"

"असंच."

"म्हणा मग."

एक, दोन, तीन.

पहिला शब्द दोघांचा एकच आला. शून्य. पुढं मी 'पूर्णांक दोन' म्हटलं, ती 'पूर्णांक तीन' म्हणाली. आपल्या मोजणीतली चूक तेवढी असतेच.

"जुळलं का?" तिनं विचारलं.

"जुळलं."

"मग तोंड असं का केलंय?"

"शेजारी निघाला."

ती उठून माझ्याजवळ आली. "म्हणजे आक्का हरल्या?"

"हो."

आक्का, आता सांगतो. सतरा नंबर शून्य पूर्णांक दोन विकला सरकलाय, शून्य पूर्णांक तीन इकडंतिकडं. तारा दोन पूर्णांक चार पुढं गेला आणि हा मांडवातच उभा आहे. त्या दवाखान्यात मी हाच आकडा घेऊन उभा होतो. तुम्ही ऐकला नाहीत ते बरंच झालं असं मी स्वतःला सांगतो, पण ते खरं नाही. ऐकला असतात तर म्हणाला असतात, "बरं. मग लिही, कुठपर्यंत न्हाय ते." भिंत शेजाऱ्याची निघाली तेव्हा चहा दिलात तसाच आवाज असता तुमचा. वाद मी जिंकलोय आणि माझ्याशी भांडायला कोणी नाही.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "म्हणजे कोणीच नाही."

"इथवर कोणी नाही," मी म्हटलं, आणि किती लांबपर्यंत बघितलं, किती मंद ठिपका आपल्याला दिसला असता, ते सगळं सांगितलं. त्याहून मंद काही असलं तर ते आपल्या चित्रात येत नाही. त्या म्हणाल्या, "आक्का बोलतायत असं वाटलं." मोजणाऱ्यांत तुमचं नाव पहिलं राहील, मग माझं. शोभाचंही घालायचं म्हटल्यावर ती म्हणाली, "एका ठिपक्यासाठी? आचाऱ्याला वरातीत नाचवू नका." तरी घातलंय.

फोन वाजला की अजून एक, दोन, तीन तोंडात येतं. तुम्ही नाही हे मी तुमच्याच रीतीनं तपासून बघतोय. निपाणीच्या घरी नाही, फोनच्या त्या बाजूला नाही, टेपच्या दुसऱ्या टोकाला नाही. त्याच्या पुढचं मी काही म्हणत नाही. म्हटलेलं तुम्हाला आवडलं नसतं.

पैजेचं मात्र राहिलंय. हरलेल्यानं दुसऱ्याला कणकुंबीला न्यायचं होतं. काल शोभानं स्वेटर काढून उन्हात टाकले. मी विचारलं, हे कशाला? म्हणाली, "आक्का हरल्या, पण त्यांना येता येत न्हाय. त्यांच्यावतीनं मी नेते तुम्हाला. गाडी तुम्ही चालवा."

अमावस्येच्या आसपास जायचं ठरतंय. जांबोटीच्या पुढचा रस्ता कसा आहे, धुकं पडेल का, त्या रानात फोनला रेंज नसते तेव्हा गाडी बंद पडली तर काय, हे सगळं मला आत्तापासून लागून राहिलंय. आणि एवढा मंद तारा ह्या वयात माझ्या डोळ्यांना दिसेल का, तेही. दिसला तर सांगतो, आक्का. नाही दिसला, तर कुठपर्यंत नाही दिसला, तेही सांगतो.